मोठ्याने मागण्याचा नियम

देल्फोर जिराउदोला बोलतं करायचं असेल तर त्याला इंजिनाबद्दल विचारू नये, नियमांबद्दल विचारावं. इंजिनाबद्दल तो ‘हं’ आणि ‘बघू’ एवढ्यावर भागवतो. नियमांचं नाव काढायचा अवकाश, हातातला पाना खाली ठेवून, बोटं फडक्याला पुसत तो असा काही सुरू होतो की गिऱ्हाईक गाडी तिथेच सोडून पळ काढतं.

विया ओर्तेन्सिया गावात डेअरीच्या टाक्यांसमोर त्याचं वर्कशॉप आहे. आठवडाभर तिथे पिकअप, ट्रॅक्टर आणि दुधाचे टँकर येतात. रविवारी वर्कशॉप बंद, कारण रविवारी रेस. आसपासच्या गावांतले मातीचे ट्रॅक, छोट्या जुन्या फियाट गाड्या, आणि त्या पळवणारे म्हणजे कुणी खाटीक, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी गाईम्हशींना टोचणारा. म्हशी इथे नाहीत म्हणा, पण असत्या तर त्यांनाही टोचलं असतं. पोटासाठी कुणीच रेस करत नाही. उलट पोटाला चिमटा काढून करतात, आणि घरी बायकोला खोटा हिशेब सांगतात.

देल्फोरही तरुणपणापासून गाडी पळवायचा. मग त्याची मुलगी मिर्ना एकोणीस वर्षांची झाली आणि तिचा हात स्टिअरिंगवर त्याच्यापेक्षा चांगला बसतो हे त्याला दिसलं. गाडी एकच होती. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली, आपलं हेल्मेट वर्कशॉपातल्या खिळ्याला टांगलं आणि या विषयावर पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. फक्त दर शनिवारी तो ते हेल्मेट खाली काढून पुसायचा. आणि रविवारी तिसऱ्या वळणाच्या तारेच्या कुंपणापाशी एकटा उभा राहायचा. मिर्नाची गाडी वळणातून बाहेर पडली की त्याचा उजवा पाय जमीन दाबायचा. गावच्या ट्रॅकवर तर त्याच्या उभं राहण्याच्या जागी गवत उगवायचं बंद झालं होतं.

त्याचा स्वभावच तसा. खरं तर इथल्या सगळ्यांचाच तसा, पण त्याचा जरा जास्त. या भागातल्या लोकांचे आजेपणजे इटलीच्या डोंगरातून समुद्र ओलांडून इकडे आले ते नांगर, बिया आणि ताठ मान घेऊन. यांची गाडी रस्त्यात बंद पडली तर हे दोन कोस ढकलत नेतील, पण शेजाऱ्याच्या दारात जाऊन दोर मागणार नाहीत. दोर शेजाऱ्याने आपण होऊन आणून दिला तर घेतील, तेही ‘कशाला उगाच त्रास’ असं म्हणत.

आता इंजिनाच्या पेटीबद्दल. पूर्वी कार्बुरेटर होते तेव्हा स्क्रू पिळायचा आणि कान लावायचा, एवढंच तंत्र होतं. मग गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आला. डब्बल रोटीएवढी चपटी पेटी, पण पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची ते तीच ठरवते. तिच्यातले आकडे बदलले की तीच गाडी वेगळी पळते. शेतीची यंत्रं विकणारा एल्दो क्रोसेत्ती हा आमच्याकडचा पैसेवाला. त्याने आपल्या मुलाच्या गाडीसाठी थेट कोर्दोबा शहरातून लॅपटॉपवाला माणूस आणवला. दुसऱ्या वर्षी आणखी चौघांनी आणवला. ज्यांना ते परवडेना ते एकेक करून यायचे बंद झाले.

त्यांत रेमिहिओ तोसेलो होता. रेमिहिओ म्हणजे गावचा बेकरीवाला, देल्फोरचा शाळेपासूनचा सोबती आणि मिर्नाचा पाद्रिनो, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांत धरून उभा राहिलेला धर्मबाप. त्याने गाडी मागच्या शेडमध्ये लावून टाकली. काही दिवसांनी तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. संध्याकाळी तो देल्फोरकडे माते, म्हणजे इथला कडसर पाल्याचा चहा, प्यायला नेमाने यायचा, पण रविवारी दुपारी घरी झोपायचा. रविवारी रेमिहिओ नसणं देल्फोरला फार लागलं. ‘ये रे, तुझ्याशिवाय करमत नाही’ एवढं म्हणायचा अवकाश होता. ते काही त्याच्याने झालं नाही. त्याने नियमदुरुस्ती लिहिली.

क्लबची सभा दर डिसेंबरात भरते. प्रत्येक गाडीला एक मत. देल्फोरने पहिल्या वर्षी मांडलं की सगळ्यांना क्लबनेच सारख्या, सील केलेल्या पेट्या द्याव्यात. खर्चाचा विषय निघताच सभेला अचानक भूक लागली. दुसऱ्या वर्षी मांडलं की रेसच्या सकाळी सगळ्यांच्या पेट्या एका टोपलीत टाकाव्यात आणि चिठ्ठ्या काढाव्यात. दातांचा डॉक्टर म्हणाला, “म्हणजे मी माझी पेटी त्या खाटकाला देऊ? तो हात तरी धुतो का?” तिसऱ्या वर्षी त्याने पुन्हा कार्बुरेटरवर जायचं सुचवलं. तेव्हा लोक हसलेसुद्धा नाहीत, आणि ते त्याला जास्त झोंबलं.

चौथ्या वर्षी तो उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “ग्रिलवर मांस टाका रे, देल्फोर उठला!”

देल्फोरने चष्मा लावला. नवी सूचना साधी होती. मार्चमध्ये प्रत्येक पेटीला सील लागणार, हंगाम संपेपर्यंत आतल्या आकड्यांना कुणी हात लावायचा नाही. आणि रेस संपल्यावर, जो कुणी रेस पुरी करेल त्याला विजेत्याची पेटी मागता येईल. विजेत्याने ती द्यायची आणि बदल्यात मागणाऱ्याची घ्यायची. नाही म्हणायचं नाही. इंजिनं सगळ्यांची सारखीच, तेव्हा पेटी कुणाच्याही गाडीत बसते. मग पेटीवर पैसा उधळण्यात अर्थच उरणार नाही, कारण जिंकलात की ती गेली.

“आणि हे मागणं,” देल्फोर म्हणाला, “रेसनंतर गाड्या तपासणीला लावतो त्या बंद आवारात, सगळ्यांसमोर, मोठ्याने व्हायला हवं. कोपऱ्यात कुजबुजून नाही. नाहीतर आपसात साटंलोटं होईल.”

एल्दो क्रोसेत्ती दात कोरत होता. तो थांबला. “मोठ्याने?”

“मोठ्याने.”

“‘मी अमुक अमुक, मला याची पेटी द्या’, असं?”

“असंच.”

क्रोसेत्ती इतका खूश झाला की त्याने टूथपिक खिशात ठेवली. “अरे मग माझं मत तुलाच, लेका! फक्त एक पुस्ती जोडा. नियम आधी एक हंगाम चालवून बघायचा. वर्षभरात कुणीच पेटी मागितली नाही, तर नियम आपोआप रद्द.”

देल्फोरला वाटलं, मोठी लढाई जिंकली. नियम एकमताने मंजूर झाला. क्रोसेत्ती काही फार हुशार माणूस नाही, पण आपली गिऱ्हाइकं त्याला ओळखता येतात. देल्फोरने माणसं सोडून बाकी सगळ्याचा विचार केला होता.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. त्या जीवघेण्या उकाड्यात देल्फोरने रेमिहिओच्या शेडमधून कोंबड्या हाकलल्या, गाडी बाहेर काढली आणि इंजिन खोलून पुन्हा बांधलं. रेमिहिओ पाहत राहिला. “पेटी तर कारखान्यातून आली तशीच आहे,” तो म्हणाला. “कोमट दुधासारखी गुळमुळीत.”

“चांगली पेटी मिळेल. नियम आहे आता.”

“हं,” रेमिहिओ म्हणाला.

हंगाम सुरू झाला. रेस संपली की गाड्या बंद आवारात लागायच्या आणि तपासणीप्रमुख ओदिलाबाई हातात घंटा घेऊन मध्ये उभी राहायची. बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होती, घंटाही तिथलीच. ती विचारायची, “विजेत्याची पेटी कुणी मागतंय?” मग कुणी बुटाची नाडी बांधायला वाकायचा. कुणी चाकाला लाथ मारून हवा बघायचा. खाटीक आभाळाकडे बघत पाऊस येणार म्हणायचा, आणि आभाळात ढग नसायचा. बाई तीनदा विचारायची, घंटा वाजवायची, फाटक उघडायचं आणि सगळे सुटल्यासारखे ग्रिलवरच्या मांसाकडे पळायचे.

कारण मागायचं म्हणजे काय? सगळ्या गावांच्या देखत कबूल करायचं की मी हरलो, माझ्या मेकॅनिकला अक्कल नाही, आणि वर दुसऱ्याच्या दारात वाडगा घेऊन उभा आहे. रेमिहिओ दर वेळी शेवटचा यायचा. इंजिन ठणठणीत, पण सरळ रस्त्यावर सगळे त्याला मागे टाकायचे. तरी तोही नाडी बांधायचा, आणि त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

“अरे माग ना!” देल्फोर मातेचा पेला त्याच्यापुढे करत म्हणायचा.

“तूच माग.”

“मी रेसमध्ये नाही.”

“मग तुला काय कळणार,” रेमिहिओ म्हणायचा, आणि विषय पावाच्या भावावर जायचा.

इकडे मिर्ना त्या वर्षी विलक्षण गाडी चालवत होती. तिला जानेवारीपासून दूर दक्षिणेला, नेउकेनला नोकरी लागली होती. तेव्हा हा हंगाम शेवटचा, हे सगळ्यांना माहीत होतं. देल्फोरने मार्चमध्ये, सील लागायच्या आदल्या रात्री, अंदाजाने तिच्या पेटीत भरलेले आकडे नशिबाने नेमके जमले होते. कोर्दोबाच्या माणसाच्या पेटीइतके नाही, पण जवळ जाणारे. उरलेलं ती वळणांवर कमवायची. शेवटून दुसरी रेस तिने जिंकली आणि वर्षाच्या करंडकासाठी ती क्रोसेत्तीच्या मुलाच्या पुढे गेली. आता शेवटच्या रेसमध्ये चौथी आली तरी करंडक तिचा.

गाड्या बंद आवारात लागल्या. ओदिलाबाई घंटा घेऊन उभी राहिली. आणि देल्फोरच्या लक्षात आलं की आपण कात्रीत सापडलो आहोत. पेटी मागायला आजचा दिवस आणि पुढची रेस एवढंच शिल्लक होतं. आज कुणी मागितली तर मिर्नाचा करंडक धोक्यात. नाही मागितली तर नियम बहुधा मेला, आणि रेमिहिओची गाडी पुन्हा कोंबड्यांकडे.

त्याने काय करावं? तो एकेका गाडीपाशी जाऊन सांगायला लागला, “मागा. घाबरू नका. माझ्याच मुलीची आहे, मागा.” लोकांना त्याच्याकडे बघवेना. क्रोसेत्तीपाशी तो गेला तेव्हा क्रोसेत्तीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी मागितली तर तुझा नियम जगेल ना रे. माझं डोकं फिरलंय का?”

“विजेत्याची पेटी कुणी मागतंय?” ओदिलाबाईने पहिल्यांदा विचारलं.

मिर्ना हेल्मेट काखेत धरून बापाकडे बघत होती. ती गाडीत वाकली, पेटीचे बोल्ट काढले, वायरी सोडवल्या आणि पेटी नेऊन रेमिहिओच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

“पाद्रिनो, ही घ्या. तुमची मला द्या.”

रेमिहिओ दोन पावलं मागे सरला. “वेडी आहेस का? करंडक जाईल तुझा.”

“माझा आहे ना? मग मी बघेन.”

सगळ्यांची नजर ओदिलाबाईकडे गेली. बाईने देल्फोरकडे पाहिलं, कारण नियम त्याचा. आणि देल्फोर, ज्याला गेले आठ महिने फक्त हेच हवं होतं, तो म्हणाला, “तसं चालणार नाही.”

“काय?” मिर्ना म्हणाली.

“विजेत्याने देऊ केली तर ते देणं झालं. नियमात मागणं आहे.” त्याचा आवाज बारीक झाला होता, पण तो मागे हटला नाही. “असं देणं सुरू झालं तर उद्या क्रोसेत्ती आपल्या माणसाला देईल.”

क्रोसेत्ती मोठ्याने हसला. “आपल्याच नियमात अडकलं म्हातारं!”

दुसऱ्यांदा विचारून झालं. देल्फोर आवाराच्या मधोमध उभा होता, हात खाली सोडून. त्याच्या बाजूला कुणी नव्हतं. मुलगीसुद्धा रागाने लाल झाली होती. ओदिलाबाईने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात रेमिहिओ तोसेलोने टोपी काढली. चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा तो उभा राहिला आणि गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाला, “मी मागतो.”

“ऐकू आलं नाही,” बाई म्हणाली. नियमच तसा होता.

“मी, रेमिहिओ तोसेलो!” तो इतक्या जोरात ओरडला की ग्रिलपाशी बसलेले लोक उठून उभे राहिले. “शेवटचा आलोय! मला मिर्ना जिराउदोची पेटी पाहिजे! झालं समाधान?”

त्या दिवशी तो मांस न खाताच घरी गेला. मिर्नाने पेटी बदलली, सील लावून घेतलं, आणि रेमिहिओच्या गाडीच्या खिडकीत वाकून एवढंच म्हणाली, “पुढच्या रेसला माझ्यासाठी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात तर मरेपर्यंत बोलणार नाही.” परतीच्या रस्त्यात बापलेक पिकअपमध्ये शेजारी बसले होते. देल्फोरने दोनदा घसा खाकरला. बोलला मात्र टायरबद्दल.

शेवटची रेस आपल्याच गावात झाली. उत्तरेचा गरम वारा सुटला होता आणि पाण्याचा टँकर फिरून गेला तरी धूळ बसत नव्हती. देल्फोर तिसऱ्या वळणावर, गवत नसलेल्या आपल्या जागी उभा राहिला. क्रोसेत्तीचा मुलगा सुरुवातीपासून पुढे होता. मिर्ना वळणांत सगळ्यांना गाठायची आणि सरळ रस्त्यावर पुन्हा मागे पडायची; ती गुळमुळीत पेटी तिला ओढून धरत होती. तरी बराच वेळ ती चौथी होती. तिच्यामागे धुळीतून एक जुनी निळी गाडी वर येत होती. ती रेमिहिओची आहे हे लोकांना जरा उशिराच कळलं, कारण त्याला इतक्या पुढे बघायची कुणाला सवय नव्हती.

दोन फेऱ्या त्यांनी एकमेकांना सोडलं नाही. मिर्ना प्रत्येक वळणावर त्याच्या तोंडावर दार लावायची. शेवटच्या फेरीत, तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना, अगदी देल्फोरच्या समोर, रेमिहिओने बाहेरच्या अंगाने गाडी घातली. त्याने पाय उचलला नाही. देल्फोरचाही पाय जमिनीत रुतला होता, आणि तो कुणासाठी दाबतोय हे त्यालाच सांगता आलं नसतं. निळी गाडी पुढे गेली. मिर्ना पाचवी आली आणि करंडक क्रोसेत्तीच्या मुलाकडे गेला.

देल्फोरने कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली. नियम हुबेहूब चालला होता. त्याने कागदावर लिहिलं होतं तसा, एका रेषेचाही फरक नाही. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की बंद आवारात जाऊ नये असं त्याला वाटलं. पण गेला.

तिथे रेमिहिओ गाडीतच बसून होता, बाहेर यायला तयार नव्हता. “मी उचलला नाही गं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो धुळीला दोष देत होता.

“बघितलं मी,” मिर्ना म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “उचलला असतात तर ठोकलं असतं तुम्हाला. चला, बाहेर या.”

ओदिलाबाईची घंटा. “विजेत्याची पेटी कुणी मागतंय?”

लोक बुटांकडे वाकायच्या बेतात होते. तेवढ्यात मिर्ना पुढे झाली. “मी. मिर्ना जिराउदो, पाचवी. क्रोसेत्तीची पेटी मला पाहिजे.”

खाटीक पटकन म्हणाला, “अरे, मी मागणारच होतो!” आणि दातांचा डॉक्टर म्हणाला, “रांगेत ये, मीही.” ते ऐकून लोक हसले, आणि त्या हसण्यात वर्षभर तुंबलेलं काहीतरी मोकळं झालं.

क्रोसेत्ती मात्र हसला नाही. कोर्दोबाच्या माणसाची पेटी जात होती. “तू तर नेउकेनला चाललीस,” तो म्हणाला. “तिकडे काय फ्रिजला लावणार?”

“गाडी इथेच राहणार आहे.”

“आणि चालवणार कोण?”

मिर्ना वळली. देल्फोर फाटकापाशी, जमेल तितका खांबाआड उभा होता.

“पप्पा, इकडे ये.”

तो आला.

“गाडी मी कुणाला देऊ?”

“तुला वाटेल त्याला दे,” देल्फोर म्हणाला. “तुझी आहे.”

“खाटकाच्या भाच्याला हवी आहे म्हणे.”

 देल्फोरचा उजवा पाय जागच्या जागी हलला. आता सगळेच त्या पायाकडे बघत होते. त्याच्या जागी गवत का उगवत नाही हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

“देणं चालत नाही,” मिर्ना म्हणाली. “तूच सांगितलंस. मागावं लागतं. आवारात, सगळ्यांसमोर.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “माझा करंडक गेलाय त्या नियमापायी, पप्पा. आता तू माग.”

देल्फोरने चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा लावला. मुलीला किल्ली दिल्यापासून त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्याआधीही नाही. रेमिहिओ टोपी हातात घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“मला गाडी दे,” देल्फोर पुटपुटला.

“ऐकू आलं नाही,” ओदिलाबाई म्हणाली.

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं.